अंगठा बाहेर

विषय ऐकून हसू नका. गाडीच्या एका रबरी पाइपबद्दल लिहायचं आहे, आणि आमच्या सांगलीच्या मामांबद्दल. दोन्हींचा संबंध काय, ते मलाही गेल्या हिवाळ्यापर्यंत माहीत नव्हतं.

तर झालं असं. साताऱ्यात आमच्या घरासमोर गाडी उभी असते, तिथल्या फरशीवर रोज सकाळी एक डाग दिसायला लागला. आधी रुपयाएवढा, मग वाटीएवढा. एसीचं पाणी असेल अशी चार दिवस मनाची समजूत घातली. पाचव्या दिवशी बोट लावून पाहिलं, तर तेलकट आणि लालसर. गाडी बारा वर्षांची, डिझेलवर चालणारी, आमच्याकडे आली तीच दुसऱ्या हातची. कोपऱ्यावरच्या मिस्त्रींनी खाली वाकून एकदाच पाहिलं आणि म्हणाले, "ताई, पावर स्टेरिंगचा प्रेशरचा पाइप घाम सोडतोय. इंजिनचं ऑइल काळं असतंय, ब्रेकचं पिवळसर. लाल दिसलं की समजायचं स्टेरिंगचं." नवा पाइप पुण्याहून मागवायला चार दिवस लागणार होते, आणि मला दुसऱ्याच दिवशी सांगली गाठायची होती, कारण मामांचं सहस्रचंद्रदर्शन होतं. मिस्त्रींनी तेलाची एक बाटली हातात दिली. "टाकत टाकत जावा. पण सांगलीत पोचलात की आधी हे काम करा."

साताऱ्याहून सांगली म्हणजे सव्वाशेएक किलोमीटर. कऱ्हाडपर्यंत गाडी गुणी मुलासारखी चालली. तिथे थांबून टाकीत तेल टाकलं. त्यानंतर मात्र चाक वळवलं की बॉनेटखालून कण्हल्यासारखा आवाज यायला लागला. पेठनाक्याला हायवे सोडून आष्ट्याच्या रस्त्याला लागले. उसाचा हंगाम ऐन भरात. समोरून दोन ट्रॉल्या ओढत एक ट्रॅक्टर आला, मी गाडी कडेला घ्यायला स्टेअरिंग फिरवलं, आणि ते फिरेना! म्हणजे अगदी अडकलं नव्हतं. पण रोज दोन बोटांनी फिरणारं चाक दोन्ही हातांनी, अंग टाकून ओढावं लागलं. त्यात पुढचं चाक खड्ड्यात गेलं. स्टेअरिंगने असा काही उलटा हिसका दिला की आतली दांडी माझ्या उजव्या अंगठ्यावर आदळली. डोळ्यांपुढे काजवे म्हणतात ते भर दुपारी दिसले.

आणि त्या कळीतच मामांचा आवाज आठवला. "अंगठा बाहेर ठेव, पोरी."

मला गाडी मामांनी शिकवली. कॉलेजात असताना मे महिन्याच्या सुट्टीत, सांगलीबाहेरच्या एका माळावर, कुणाची तरी जीप मागून आणून. क्लच, गिअर, ब्रेक यांपेक्षा त्यांचा जोर एकाच गोष्टीवर. स्टेअरिंग धरताना अंगठा कडीच्या आत घालायचा नाही, चार बोटांच्या बरोबर बाहेरून ठेवायचा. मला ती ट्रकवाल्यांची लकब वाटायची. पुढे साताऱ्यात रीतसर लायसन्स काढलं, गाड्या पावर स्टेअरिंगच्या आल्या, आणि अंगठा कधी आत गेला ते कळलंही नाही.

गाडी दामटत सांगलीच्या अलीकडच्या एका गॅरेजपर्यंत नेली. तिथले मिस्त्री वयस्क. बॉनेट उघडलं आणि त्यांनी मला चांगलंच झापलं. पाइपमधून तेलाची बारीक चिळकांडी उडून गरम सायलेन्सरच्या अंगाला लागत होती. "ह्यानं पेट घेतला असता म्हंजे? वास नाही आला तुम्हाला?" वास आला होता, पण मला तो रस्त्यावरच्या ट्रॅक्टरचा वाटला होता. शिवाय तेल संपल्यावर पंप कोरडा फिरतो, आणि मग पाइपाबरोबर पंपाचंही काम निघतं. माझं नशीब थोर म्हणून पंप वाचला. (गाडीखाली लाल डाग दिसला तर माझ्यासारखी चार दिवस समजूत घालत बसू नका, एवढं तरी या लेखातून घ्या.)

मी भाबडेपणाने विचारलं, "तेवढा फाटलेला तुकडा कापून, साधा पाइप घालून क्लिप आवळता नाही का येणार?" त्यावर त्यांनी दोन पाइप दाखवले. एक रिटर्नचा, त्यातून तेल सावकाश टाकीत परत येतं, तिथे क्लिप चालते. दुसरा प्रेशरचा, पंपाकडून स्टेअरिंगच्या पेटीकडे जाणारा. चाक पूर्ण वळवलं की त्यात दर चौरस इंचाला हजार-बाराशे पौंडांचा दाब येतो. गाडीच्या टायरमध्ये आपण हवा भरतो ती तीस-पस्तीस पौंड. म्हणजे टायरच्या तीसपट-चाळीसपट दाब बोटाएवढ्या पाइपात. क्लिप लावली तर पहिल्याच वळणावर उडणार. त्यांनी दुसरीही गोष्ट बजावली. गळती कुठे आहे ते इंजिन चालू असताना हाताने चाचपायचं नाही. अशी बारीक धार कातडीतून आत घुसते. पुठ्ठा धरून बघायचं.

पाइप काढून त्यांचा पोरगा कुपवाडच्या एमआयडीसीत गेला. तिथे जेसीबी आणि ट्रॅक्टरचे असे पाइप बांधून देतात. दोन तास मोडणार होते. अंगठ्याला बर्फ लावून बाकड्यावर बसले आणि डोक्यात चक्र सुरू झालं. ही पावर स्टेअरिंगची भानगड आली कधी? मामांच्या ट्रकला ती का नव्हती? घरी परतल्यावर महिनाभर जमेल तसं वाचत गेले. ते सगळं इथे एकत्र मांडते.

मराठीत स्टेअरिंगला सुकाणू म्हणतात. म्हणजे आपण फक्त भाषणात म्हणतो, "देशाचं सुकाणू" वगैरे. पण शब्द जहाजाचा आहे, आणि गंमत म्हणजे यंत्राच्या जोरावर दिशा बदलण्याची सोयही आधी जहाजालाच मिळाली. १८६६ साली मॅकफार्लेन ग्रे याने ग्रेट ईस्टर्न या अवाढव्य बोटीसाठी वाफेवर चालणारं सुकाणूचं इंजिन तयार केलं. तोवर मोठ्या बोटीचं चाक वादळात फिरवायला एका वेळी कित्येक खलाशी लागत.

तेलाच्या किंवा पाण्याच्या दाबाने जोर वाढवायची युक्ती तर त्याहून जुनी. पास्कलचा नियम आपण शाळेत शिकलो. बंद भांड्यातल्या द्रवावर दाब दिला की तो सगळीकडे सारखा पोचतो. म्हणून लहान दट्ट्यावर थोडा जोर लावून मोठ्या दट्ट्याने प्रचंड ओझं उचलता येतं. १७९५ मध्ये इंग्लंडमध्ये जोसेफ ब्रामाने त्यावर दाबयंत्राचं पेटंट घेतलं. पण अडचण आली ती गळतीची. दाब वाढला की दट्ट्याच्या कडेने पाणी बाहेर. त्याच्या कारखान्यातला कारागीर हेन्री मॉडस्ले याने म्हणे चामड्याची वाटीसारखी चकती बसवली. दाब जितका जास्त, तितकी ती भिंतीला घट्ट चिकटायची. ही चामड्याची वाटी लक्षात ठेवा, आपल्याला ती पुढे लागणार आहे.

मोटारीला ही युक्ती लावणारा माणूस म्हणजे फ्रान्सिस डेव्हिस, हा अमेरिकन. पिअर्स-ॲरो या कंपनीत तो ट्रक विभागाचा मुख्य इंजिनिअर होता. अवजड ट्रक वळवताना ड्रायव्हरचे काय हाल होतात ते त्याने जवळून पाहिलं होतं. त्याने नोकरी सोडली, मॅसॅच्युसेट्समधल्या वॉल्थम गावी एक लहानशी कार्यशाळा भाड्याने घेतली आणि या एका प्रश्नामागे लागला. त्याच्या वाटेतही गळतीच आडवी आली. तेव्हाच्या दाबयंत्रांत तेल सतत दाबाखाली कोंडलेलं असायचं, त्यामुळे ते सांधे शोधून बाहेर यायचं. डेव्हिसने उलटा विचार केला. झडप एरवी उघडीच ठेवायची, तेल नुसतं फिरत राहील. ड्रायव्हरने चाक वळवलं की तेवढ्यापुरती झडप बंद व्हायला लागते, दाब चढतो आणि तेल चाकाला ढकलतं. चाक सरळ झालं की दाब उतरला. माझ्या गाडीतली व्यवस्थाही मुळात तीच आहे. म्हणून तर सरळ रस्त्यावर पाइप नुसता पाझरत होता आणि वळणावर चिळकांडी मारत होता.

१९२६ साली डेव्हिस हे यंत्र बसवलेली गाडी घेऊन डेट्रॉइटला गेला आणि मोटारवाल्यांना दाखवली. जनरल मोटर्सने करार केला. मग महामंदी आली आणि १९३४ मध्ये त्यांनी खर्चाचं कारण सांगून तो नाद सोडला. दुसऱ्या महायुद्धात चिलखती गाड्यांना पावर स्टेअरिंग लागलं, कारण त्या एरवी वळवणं फारच अवघड. शेवटी १९५१ साली क्रायसलर कंपनीने ते आपल्या इम्पिरिअल या महागड्या मोटारीत आणलं. तोपर्यंत डेव्हिसच्या पहिल्या पेटंटांची मुदत संपली होती, त्यामुळे त्यांचा मोबदलाही त्यांना द्यावा लागला नाही. ही बातमी झाल्यावर मात्र जनरल मोटर्सला त्याची आठवण आली.

मला यातली मनाला लागलेली गोष्ट ही, की ट्रकवाल्यांचे हाल बघून ज्याचा शोध लागला, ते बाजारात आलं श्रीमंतांच्या मोटारीतून. बायकांनाही मोठी गाडी सहज वळवता येते, अशा थाटाच्या जाहिराती त्या काळात झाल्या. घाटात ट्रक ओढणाऱ्या माणसापर्यंत यायला त्याला किती वर्षं लागली, ते आमच्या घरातच बघता येईल.

पाइपाचाही इतिहास आहे. साधं रबर तेलात फुगतं आणि मऊ पडतं. गुडइयरने १८३९ मध्ये गंधक घालून रबर टिकाऊ करायची रीत शोधली, तरी तेलापुढे ते हरायचंच. १९३०च्या दशकात जर्मनीत तेलाला दाद न देणारं नायट्राइल नावाचं कृत्रिम रबर तयार झालं. आजच्या अशा पाइपांत बहुधा आत तेलाला टिकणारं कृत्रिम रबर, मध्ये दोऱ्याची किंवा तारेची वीण आणि वर पुन्हा रबर असतं. टोकांना धातूची टोपी यंत्राने चारी बाजूंनी दाबून बसवतात. वर्षानुवर्षं इंजिनची धग खाऊन रबर कडक होतं, आणि पहिला घाम फुटतो तो याच टोपीपाशी. माझ्या गाडीचं तेच झालं होतं.

आता जरा आपल्या मुलखाकडे या.

सातारा आणि सांगली हे आज दोन जिल्हे असले तरी मुळात एकाच घरातले. १९४९ मध्ये साताऱ्यातून दक्षिण सातारा वेगळा केला आणि १९६० साली त्याला सांगली नाव मिळालं. माझ्या आजोळच्या जुन्या कागदांवर "जि. दक्षिण सातारा" असंच आहे. या मुलखात शेतीला पाणी द्यायचं म्हणजे मोट. चामड्याची मोठी पिशवी, तिला निमुळती सोंड, वरच्या तोंडाला जाड नाडा आणि सोंडेला बारीक सोंदूर. बैल धावेवरून खाली उतरले की मोट वर येऊन थारोळ्यात रिकामी व्हायची. मागे सरले की पुन्हा विहिरीत. दिवसभर हेच. आणि सोंड फाटली की पाणी वाटेतच विहिरीत परत. मग गावातल्या चर्मकार बलुतेदाराकडे धाव घ्यायची. तो टाके घालून, चामडं मऊ करून, सोंड पुन्हा गळायची थांबवायचा. बलुत्याच्या हिशोबात त्याला सुगीला धान्य मिळायचं. ब्रामाच्या यंत्रात चामड्याने जे काम केलं, तेच आपल्याकडे विहिरीवर चाललं होतं. दाब कमी, पण प्रश्न तोच. गळती.

हे ओझं बैलांच्या आणि माणसांच्या खांद्यावरून उतरवायची धडपड याच भागात सुरू झाली, याचा मला अभिमान वाटतो. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्कर औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी दिलेल्या कुंडल स्टेशनजवळच्या निवडुंगाने भरलेल्या माळावर आले. ती किर्लोस्करवाडी, आज सांगली जिल्ह्यात. लोखंडी नांगर, चरक, पुढे पंप. लोखंडाने जमीन नासते म्हणून सुरुवातीला शेतकरी नांगराला हात लावायला तयार नसत, असं सांगतात. इकडे साताऱ्यात धनजीशा कूपर यांनी कारखाना काढला. हेच कूपर १९३७ मध्ये मुंबई इलाख्याचे पहिले पंतप्रधान झाले, अवघ्या साडेतीन महिन्यांसाठी. त्यांच्या सातारा रोडच्या कारखान्यात १९३०च्या दशकात डिझेल इंजिनं बनू लागली. पुढे त्या कारखान्यात लक्ष घातलं ते वालचंद हिराचंद यांनी, ज्यांनी कुर्ल्याला प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली आणि ज्यांचं नाव सांगलीच्या विश्रामबागेतल्या इंजिनिअरिंग कॉलेजला आहे. इंजिन आणि पंप आले, आणि मोटा एकेक करून माळ्यावर गेल्या. बैलांची सुटका झाली.

ट्रकवाल्याची मात्र झाली नाही.

आमचे मामा १९६८च्या सुमारास ट्रकवर लागले. आधी किन्नर, मग ड्रायव्हर. मालक सांगलीचेच. सांगलीची हळद आणि गूळ भरून मुंबईला जायचं, तिकडून मिळेल तो माल घेऊन परत. वाटेत खंबाटकी, कात्रज आणि बोरघाट. आजचे मोठे बोगदे नव्हते, एक्स्प्रेस वे तर फारच पुढचा. रस्ता एकपदरी, समोरून येणाऱ्याला वाट द्यायची आणि वळण एका दमात बसलं नाही तर उतारावर मागे-पुढे करायचं. तेव्हाच्या ट्रकांचं स्टेअरिंग म्हणजे सायकलच्या चाकाच्या बरोबरीचं वाटावं एवढं मोठं कडं. ते मोठं कशासाठी? तर तरफेचा फायदा मिळावा म्हणून. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पाच-सहा फेरे मारावे लागत. खाली पेटीत मळसूत्रासारखा दंड असायचा. त्याने जोर वाढायचा, पण त्या बदल्यात फेरे वाढायचे. फुकट काहीच मिळत नाही, शाळेत शिकवतात तसं. भरलेला ट्रक घाटाच्या वळणावर घेताना मामा सीटवरून अर्धे उठून चाकावर अंग टाकत. आणि खड्डा लागला की रस्त्याचा धक्का तसाच्या तसा चाकातून हातात. अंगठा आत असेल तर गेलाच. म्हणून अंगठा बाहेर. ती लकब नव्हती, त्या पिढीने हाडं मोडून घेऊन शिकलेला धडा होता तो.

आपल्याकडे ट्रक आणि बसना पावर स्टेअरिंग आलं ते अगदी हळूहळू. १९८०च्या दशकात पुण्याजवळ वढू बुद्रुकला, जिथे संभाजी महाराजांची समाधी आहे त्या गावी, जर्मन झेडएफ कंपनीच्या सहकार्याने स्टेअरिंगच्या पेट्या बनायला लागल्या. तरी कित्येक वर्षं मालक लोक ते "वरचा खर्च" म्हणूनच धरत. ड्रायव्हरचा खांदा कुठल्याच वहीत खर्चाला पडत नाही ना! आपल्या घरगुती गाड्यांतही २००० सालच्या आगेमागेच ते रुळलं. त्याआधी वडापवाले दहा-दहा, पंधरा-पंधरा माणसं कोंबून जीपगाड्या वळवायचे ते हाताच्या जोरावरच.

मामांनी १९९१ मध्ये ट्रक सोडला. वय पंचेचाळीस-सेहेचाळीस. उजवा हात खांद्याच्या वर जाईना. पुढे कुठे रखवालदारी, कुठे दुकानात हिशोब. घर चाललं ते मामींच्या शिवणाच्या मशीनवर. आणि आमच्या घरात, आता नातेवाईकही हे वाचतात म्हणून स्पष्टच लिहिते, सगळ्यांचं मत एकच होतं. दादाने फार लवकर हात टाकले. आई म्हणायची, मावशी म्हणायची. मीही म्हटलंय. लग्नाकार्यात मामा घास तोंडाशी न्यायच्या ऐवजी तोंड घासाशी नेतात, त्यावर आम्ही मुलं पाठीमागे हसलोही आहोत. मामा कधी काही बोलले नाहीत. सांगितलं असतं तरी आम्हाला काय कळणार होतं? आम्ही दोन बोटांनी गाड्या वळवणारी माणसं.

असो. गॅरेजकडे परत येते.

पोरगा दोन तासांनी पाइप बांधून घेऊन आला. जुनी टोकं तीच, मधला पाइप नवा, दोन्हीकडे चकचकीत टोप्या. मिस्त्रींनी तो आधी उजेडात धरून आतून पाहिला. कापताना रबराचा कीस आत राहिला तर तो थेट झडपेत जाऊन बसतो. मग हवा मारली. जोडावरचे तांब्याचे वॉशर जुनेच घालू का, असं पोराने विचारल्यावर त्याला एक शिवी मिळाली. दहा-वीस रुपयांचा वॉशर, एकदा दाबला की चपटा होतो, दुसऱ्यांदा नीट बसत नाही. जेसीबीचा पाइप दाब सहज झेलतो पण ताठ असतो, म्हणून त्याला पीळ न पडू देता, सायलेन्सरपासून लांब, आधीच्याच क्लिपांत बसवला. टाकी धुतली, नवं लाल तेल भरलं. पुढची चाकं जॅकवर उचलून, इंजिन बंद ठेवूनच स्टेअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत पंधरा-वीस वेळा फिरवलं. टाकीत बुडबुडे येत राहिले, तेल खाली जात राहिलं, ते भरत राहिले. बुडबुडे थांबल्यावर इंजिन चालू करून पुन्हा तेच. टोकाला नेऊन चाक धरून ठेवायचं नाही, पंपावर ताण येतो, हेही सांगितलं. शेवटी इंजिन चालू ठेवून खाली पुठ्ठा सरकवला. पाच मिनिटं, दहा मिनिटं. पुठ्ठा कोरडा.

मला तिथे तो मोट शिवणारा बलुतेदार दिसला, खरंच सांगते. हत्यारं बदलली, चामड्याच्या जागी रबर आलं, धान्याऐवजी पैसे. पण गळती थांबवणारा माणूस या मुलखात अजून आहे.

दुसऱ्या दिवशी समारंभ छान झाला. ऐंशी-एक्याऐंशी दिव्यांनी ओवाळलं, नातवंडांनी फोटो काढले. संध्याकाळी पाहुणे पांगल्यावर मामांनी माझा सुजलेला अंगठा पाहिला.

"आत घातला हुतास ना?"

"हो मामा."

मग मी पाइपाची सगळी हकिगत सांगितली. ते उठले, काठी घेऊन बाहेर आले आणि गाडीत ड्रायव्हरच्या सीटवर बसले. इंजिन चालू करायला सांगितलं. जागच्या जागी चाक डावीकडे फिरवलं, उजवीकडे फिरवलं. अंगठा बाहेर. मग म्हणाले, "आता बंद कर." बंद केलं. पुन्हा फिरवून पाहिलं. चाक बोटभर सरकलं आणि थांबलं. मामांनी उजवा हात खाली मांडीवर घेतला.

"एवढंच हुतं बघ," ते म्हणाले. "एवढं मिळालं असतं तर आणखी धा वर्षं चालवली असती."

मी मागे उभी होते, बरं झालं. त्यांना माझं तोंड दिसलं नाही. थोड्या वेळाने त्यांनी पाइपाला किती पडले ते विचारलं, आणि आकडा ऐकून "लुटलं तुला" असं म्हणून आत गेले. :-)

आता नव्या मोटारींत हा पाइपच नसतो. १९८८ मध्ये सुझुकीने सर्वो नावाच्या छोट्या गाडीत विजेवर चालणारं पावर स्टेअरिंग आणलं आणि आज आपल्याकडच्या बहुतेक लहान गाड्यांत तेच आहे. मोटर जोर लावते, तेल नाही, पंप नाही, गळतीही नाही. ट्रक, ट्रॅक्टर आणि जेसीबीत मात्र तेल अजून राहिलंय. चांगलंच आहे हे, मी काही जुनं ते सोनं म्हणणाऱ्यांतली नाही. आष्ट्याच्या रस्त्यावर जे वीस-पंचवीस किलोमीटर मी ओढत आले, ते कुणाच्या वाट्याला रोज येऊ नयेत. मामांच्या वाट्याला ते तेवीस वर्षं आले.

घरातल्या मंडळींसाठी एवढंच लिहायचं होतं. दादाने लवकर हात टाकले नव्हते. हात संपले होते. पुढच्या वेळी सांगलीला गेलात तर मामांच्या शेजारी जेवायला बसा, आणि वाटी त्यांच्या जवळ सरकवून ठेवा. त्यांना वाकावं लागतं.